त्र्यंबकला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात राहणाऱ्या माणसाला एक फोन ठरलेला असतो: "आम्ही त्र्यंबकला येतोय, तासाभरात दर्शन होईल ना?" फोन करणारा कधी जळगावचा मामेभाऊ असतो, कधी ऑफिसातल्या कुणाच्या तरी सोलापूरच्या सासूबाई. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून ठेवलं. देवळाबद्दल आहेच, पण डोंगराबद्दल जरा जास्त आहे. देवळाचं सांगणारे रस्त्यावर पावलोपावली भेटतात, डोंगराचं कुणी सांगत नाही.

सकाळी नाशकातून निघून दुपारच्या जेवणाला परत येता येईल का?

येईल. बहुतेक जण तसंच करतात. गाडी लावायची, रांगेत उभं राहायचं, दर्शन, पेढे, परत. मात्र मग त्र्यंबक पाहिलं असं सांगू नका, रांग पाहिली म्हणा.

२०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या जेमतेम १२ हजार होती. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेलं, समुद्रसपाटीपासून ७०० मीटरहून उंच असलेलं हे डोंगरातलं गाव आहे. दिवसा ते बाहेरच्या माणसांनी भरून जातं, संध्याकाळी साडेसात-आठनंतर गाड्या परतल्या की मोकळं होतं. दुकानदार ओट्यावर येऊन बसतात, कुशावर्त कुंडाच्या पायऱ्यांवर गावातली मंडळी गप्पा मारत असतात. सकाळी सूर्य वर आला की पहिलं ऊन ब्रह्मगिरीच्या कड्यावर पडतं आणि खाली गाव अजून सावलीत असतं. हे बघायचं तर एक रात्र राहायला हवं. माझा सगळा सल्ला खरं तर एवढाच आहे. पुढचे प्रश्न तो एक दिवस जास्तीचा कसा घालवायचा याचे.

नाशकातून कसं जायचं?

अंतर सुमारे २८ ते ३० किलोमीटर. सातपूर सोडलं की महिरावणी, तळेगाव, अंजनेरी फाटा, पेगलवाडी आणि मग गाव. एसटीच्या गाड्या दिवसभर सुटतात, शिवाय महापालिकेची सिटीलिंक बसही त्र्यंबकपर्यंत जाते. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नाशिकरोड स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून त्र्यंबक चाळीसेक किलोमीटर पडतं. "स्टेशनवर उतरलो की पोचलोच" असं धरून चालू नका, दीड तास हाताशी ठेवा.

मुंबईहून गाडीने येत असाल तर नाशकात शिरायचीच गरज नाही. कसारा घाट चढून घोटीला या आणि तिथून त्र्यंबकचा रस्ता धरा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून तोही पर्याय आहे. घोटी-त्र्यंबक रस्ता पावसाळ्यात इतका देखणा असतो की घाई असली तरी दोनदा थांबणं होतंच. पुण्याकडचे मात्र बहुधा सिन्नर-नाशिक करूनच येतात.

कोणत्या महिन्यात यावं?

हे तुम्हाला काय हवं आहे त्यावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबकचा पाऊस नाशिकच्या कितीतरी पट असतो. सातपूरला कोरडा रस्ता आणि पेगलवाडीला धो धो, हे आम्हाला नेहमीचं. डोंगर ढगात गेलेला असतो, छत्री उलटी होते, कपडे दोन दिवस वाळत नाहीत. ज्यांना हे आवडतं त्यांनी तेव्हाच यावं.

मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला असतो, ओहोळ अजून वाहत असतात, भात पोटरीला आलेला असतो आणि उतारांवर खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, शेतं पिवळी होतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच लागते. रात्री मुक्काम असेल तर स्वेटर, कानटोपी आणाच. मे महिन्यात डोंगर तापतात, पण तेव्हा करवंदं असतात. आदिवासी बायका पानांच्या द्रोणात विकायला बसतात. घासाघीस करू नका. काट्यातून एक द्रोण भरायला किती वेळ लागतो ते एकदा स्वतः करून बघा.

दर्शनाला किती वेळ लागतो? कोणता वार टाळावा?

साध्या मंगळवारी सकाळी सातला पोचलात तर तासाभरात मोकळे व्हाल. सोमवारी, शनिवार-रविवारी, जोडून आलेल्या सुट्ट्यांत चार-पाच तासही लागतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीबद्दल विचारूच नका. मंदिर पहाटे साडेपाचच्या सुमाराला उघडतं आणि रात्री नऊला बंद होतं. सणावारी वेळा वाढवतात. देणगी दर्शनाची वेगळी रांग असते, पण गर्दीच्या दिवशी तीही लांबते. पैसे भरले म्हणजे पटकन झालं असं नाही. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो गाडीत किंवा खोलीवर ठेवून निघा.

रांगेत उभं राहून कंटाळा आला की वर बघा. काळ्या पाषाणातलं हे बांधकाम नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केलं. पुरं व्हायला १७८६ उजाडलं. नानासाहेब १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांतच गेले, म्हणजे पुरं झालेलं देऊळ त्यांनी पाहिलंच नाही. भिंतींवरचं कोरीवकाम आणि शिखराचे कोन निवांत बघायचे तर दर्शन झाल्यावर प्रांगणात दहा मिनिटं बसा. बहुतेक लोक चपला शोधायच्या घाईत असतात, त्यामुळे जागा मिळते.

आत गेलो, पण पिंड दिसलीच नाही. आमचं काही चुकलं का?

नाही, सगळ्यांचं असंच होतं. इथे नेहमीसारखी वर आलेली पिंड नाही. शाळुंकेच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश अशी त्यांची ओळख सांगतात. बारा ज्योतिर्लिंगांमध्ये हे वेगळेपण इथलंच. त्यावर बऱ्याचदा मुखवटा असतो. गाभाऱ्याबाहेरून दर्शन घ्यायचं असल्याने वर आरसा लावलेला आहे. पुजारी "आरशात बघा, आरशात बघा" म्हणत असतात आणि आपण देवाकडे बघत पुढे ढकलले जातो. तेव्हा आत शिरतानाच नजर आरशावर ठेवा. आमच्या मावशीला हे तिसऱ्या खेपेला जमलं.

सोमवारी दुपारनंतर पंचमुखी सोन्याचा मुखवटा पालखीतून वाजतगाजत कुशावर्तावर स्नानाला नेतात. सोमवारची गर्दी सोसायची असेल तर या पालखीसाठी सोसा.

त्र्यंबकेश्वराचा हिरा इंग्रजांनी नेला म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. 'नासक' या नावाने तो जगभर ओळखला जातो, म्हणजे आपलं नाशिकच. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला, तिथून लंडनला. पुढे त्याला नव्याने पैलू पाडले, बरेच हात बदलले. आज त्याचं वजन ४३.३८ कॅरेट आहे आणि तो परदेशात खासगी मालकीचा आहे. देवळात विचारलंत तर प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगेल. ऐकायला मजा येते.

कुशावर्तात अंघोळ केलीच पाहिजे का?

तुमची इच्छा. गौतम ऋषींनी गोहत्येचं पातक फेडायला तप करून गंगा ब्रह्मगिरीवर आणली, ती ठरेना तेव्हा कुश गवताने तिला इथे अडवली, म्हणून कुशावर्त, अशी कथा आहे. चारी बाजूंनी ओवऱ्या असलेलं देखणं कुंड आहे. नुसते पाय बुडवून बसलात तरी चालतं. साबण-शांपू वापरू नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

आता गोदावरीबद्दल एक कडू गोष्ट. १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी स्वतःच्या जन्मगावात मात्र बऱ्याच ठिकाणी काँक्रीटच्या स्लॅबखालून जाते. "गावात नदी कुठे आहे?" असं पाहुणे विचारतात तेव्हा आपण ज्या रस्त्यावर उभे असतो त्याच्याकडे बोट दाखवायची वेळ येते. मोकळी गोदा बघायची तर वर गंगाद्वाराला जा किंवा खाली बेझे गावाजवळच्या चक्रतीर्थावर. चक्रतीर्थ शांत आहे. त्र्यंबकला आलेल्या शंभरातले पाच जणही तिकडे फिरकत नाहीत.

आईचे गुडघे दुखतात. ब्रह्मगिरी झेपेल का?

पूर्ण ब्रह्मगिरी नाही. गंगाद्वार कदाचित.

दोन्हींत लोक गोंधळ करतात. गंगाद्वार डोंगराच्या अर्ध्यात आहे, साधारण साडेसातशे पायऱ्या. तिथे गोदावरीचं देऊळ आहे, कड्यातून पाझरणारं पाणी आहे, जवळच गोरक्षनाथांची गुहा आणि १०८ शिवलिंगं आहेत. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात केली, दर पन्नास पायऱ्यांनी टेकलं, तर साठीतली माणसं आरामात जाऊन येतात. वाटेत लिंबू सरबताच्या टपऱ्या लागतात.

ब्रह्मगिरीचा माथा १,२९५ मीटरवर आहे. गावातून दीड-दोन तासांची चढण. पायऱ्या आहेत, पण उंच आणि झिजलेल्या, काही ठिकाणी कातळ फोडून काढलेल्या. वर पोचल्यावर मोठं पठार, गोदावरीच्या मूळ उगमाचं देऊळ आणि शंकराने जटा आपटल्या ते जटामंदिर. कातळावर जटांसारखे वळ दाखवतात. वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.

एकदा श्रावणात आम्ही चौघे वर गेलो आणि धुकं उतरलं. जटामंदिराकडून परतायचं सोडून उलट्या बाजूला तासभर चालत राहिलो. समोरचा माणूस दिसेना. शेवटी डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका आजींनी हाक मारून वाटेला लावलं. "तिकडं कडा हाये, पोरांनो," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर धुक्यात मी पठारावर रेंगाळत नाही.

त्या आजींसारखी माणसं डोंगराच्या अंगावरच्या वस्त्यांमध्ये राहतात. या वस्त्यांना मेट म्हणतात आणि गावाचं नाव मेटघर किल्ला. इथे पूर्वी खरोखरच किल्ला होता, मेटं म्हणजे त्याची पहाऱ्याची ठिकाणं. गंमत म्हणा की दैव, जिथून गोदावरी निघते त्याच डोंगरावरच्या बायकांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. वर जाताना दोन रिकाम्या बाटल्या नेऊन "पाणी भरून द्या" म्हणून कुणाच्या दारात उभे राहू नका. आपलं पाणी आपण न्यावं.

ब्रह्मगिरी झाला, आणखी काही थरारक आहे का वर?

दुर्गभांडार. ब्रह्मगिरीच्या पठारावरून पुढे गेलं की अखंड कातळात खोदलेला अरुंद जिना खाली उतरतो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर आभाळाची एक पट्टी. खाली अर्धा बुजलेला दरवाजा. त्यातून रांगत जावं लागतं. पलीकडे एक चिंचोळी दगडी भिंत, दोन्ही अंगाला दरी, आणि मग दुसरा तसाच जिना चढून भांडार. माझ्या मते जिल्ह्यातल्या किल्ल्यांमधलं हे सगळ्यात अद्भुत काम आहे, आणि पायथ्याशी देवदर्शनाला उभ्या असलेल्या हजारोंना ते डोक्यावर आहे याची कल्पनाही नसते. पावसाळ्यात, जोराच्या वाऱ्यात आणि दारू प्यायलेल्यांनी जाऊ नये. आधी गेलेला कुणीतरी सोबत घ्या.

निवृत्तीनाथांची समाधी कुठे आहे?

गावातच, ब्रह्मगिरीच्या पायथ्याला, मंदिरापासून चालत जाण्यासारखी. ज्ञानोबा-सोपान-मुक्ताईचे हे थोरले भाऊ आणि ज्ञानोबांचे गुरू. आईवडिलांबरोबर सगळी भावंडं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती वाट चुकले आणि एका गुहेत शिरले. तिथे गहिनीनाथ बसले होते. वारकरी संप्रदायाच्या गोष्टीची एक सुरुवात अशी या डोंगरात, हरवलेल्या मुलापासून आहे.

पौष वद्य एकादशीला इथे मोठी यात्रा भरते. नाशिक-नगरच्या खेड्यांमधून दिंड्या येतात, थंडीत रस्त्याच्या कडेला चुली पेटतात, रात्रभर भजन चालतं. आषाढीसाठी नाथांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. ज्योतिर्लिंगाची गर्दी तुम्हाला दमवत असेल तर समाधी मंदिरात जाऊन बसा. तिथे कुणी पुढे ढकलत नाही.

श्रावणातली 'फेरी' म्हणजे काय? आम्हाला करता येईल का?

ब्रह्मगिरीला पायी प्रदक्षिणा. कोणत्याही दिवशी करता येते, पण तिसऱ्या श्रावणी सोमवारी अख्खा नाशिक जिल्हा लोटतो. आदल्या संध्याकाळपासूनच कॉलेजची पोरं बसस्टँडवर जमतात, रात्री कुशावर्तात स्नान करून चालायला सुरुवात होते. छोटी फेरी सुमारे २० किलोमीटर, मोठी सुमारे ४०. वाट चिखलाची, ओढ्यांची, अधूनमधून डांबराची. वाटेत लोक चहा, केळी, साबुदाणा खिचडी वाटत असतात.

करता येईल, पण रोज निदान पाच-सहा किलोमीटर चालायची सवय हवी. नवे बूट घालून येऊ नका. अनवाणी चालायचा नवस नसेल तर उगाच शौर्य दाखवू नका. शांतपणे करायची असेल तर दुसरा कोणताही वार निवडा, डोंगर तोच असतो.

अंजनेरीला काय आहे? मारुतीचा जन्म खरंच तिथला का?

नाशिककरांना विचाराल तर तिथलाच. कर्नाटकातल्या किष्किंधावाल्यांना विचाराल तर त्यांच्याकडचा, तिरुमलाकडचे त्यांचा सांगतात. २०२२ मध्ये यावर नाशकात धर्मसभा भरली आणि ती इतकी तापली की निर्णय राहिला बाजूला. मारुतीराया सगळं बघत असतील.

वाद बाजूला ठेवला तरी अंजनेरी चुकवू नये. नाशकाहून येताना त्र्यंबकच्या अलीकडेच फाटा आहे. डोंगराची उंची १,३०० मीटरच्या आसपास. पायऱ्या, वाटेत जैन लेणं, वर पठार, अंजनीमातेचं देऊळ आणि पावलाच्या आकाराचा तलाव. ब्रह्मगिरीपेक्षा चढ सौम्य, त्यामुळे मुलांबरोबर हाच घ्या. कड्यांमध्ये गिधाडं राहतात. दुर्बीण असेल तर आणा. अंजनेरीचं नाव मिळालेली कंदीलपुष्पाची एक जात इथे उगवते, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली. पावसाळ्यात पठारावर चालताना पाय कुठे पडतो ते बघा. दुर्मिळ फुलं पाटी लावून उगवत नाहीत.

डोंगर चढायचा नसेल तरी पायथ्याच्या अंजनेरी गावात थांबा. इथे अकराव्या-बाराव्या शतकातल्या हिंदू आणि जैन मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. एका जैन मंदिरात यादवांच्या काळातला, ११४१ सालचा शिलालेख आहे. शेतांच्या बांधावर कोरीव खांब आणि शेजारी बांधलेली म्हैस, असं चित्र. जवळच १९८० मध्ये सुरू झालेली नाणेशास्त्राची संस्था आहे आणि तिचं नाण्यांचं संग्रहालयही. जायच्या आधी फोन करून वेळ विचारून घ्या.

हरिहरच्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघितलेत. पहिलाच ट्रेक म्हणून तो करावा का?

माझं उत्तर: नको. आधी अंजनेरी करा.

हरिहर किल्ल्याची चढण फार मोठी नाही, अडचण शेवटच्या जिन्याची. जवळजवळ ८० अंशांत उभ्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या, हात घालायला खोबण्या. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने हा मुलूख घेतला तेव्हा बाकीच्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. हरिहरचा जिना पाहून तो थक्क झाला आणि या पायऱ्या वाचल्या, असं सांगतात. चढताना भीती वाटत नाही, कारण नजर दगडावर असते. उतरताना तोंड कड्याकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. मध्येच सेल्फीसाठी थांबलेला माणूस हाच इथला खरा धोका. रविवारी जिन्यावर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात. मधल्या वारी जा आणि सकाळी आठच्या आत पायथा गाठा. हर्षेवाडीकडून वाट सोपी, निरगुडपाड्याकडून जास्त प्रसिद्ध. पावसाळ्यात वनखातं कधी बंदी घालतं, कधी संख्या मर्यादित करतं. निघण्यापूर्वी चौकशी करा.

दुगारवाडी, पहिनेचे धबधबे?

सुंदर आहेत. पण दुगारवाडीला ओढा ओलांडून जावं लागतं, आणि वर डोंगरात पाऊस झाला की इथे कोरडं ऊन असतानाही पाणी काही मिनिटांत चढतं. लोक पलीकडे अडकलेत, जीवही गेलेत. बंदी असेल तर परत फिरा. गावकरी "नका जाऊ" म्हणाले तर पोलिसांपेक्षा त्यांचं आधी ऐका. पहिन्याला पावसाळी रविवारी गाड्यांची जत्रा असते, शांतता शोधत असाल तर तिकडे वळू नका.

नारायण नागबली, कालसर्प वगैरे करायचं आहे. कसं ठरवायचं?

करावं की नाही हे मी सांगणार नाही, तो घरातल्या थोरांचा प्रश्न. व्यवहाराचं सांगतो. नारायण नागबली तीन दिवसांचा विधी आहे, मुक्काम करावाच लागतो. गुरुजी ओळखीतून, आधी फोनवर ठरवा. दक्षिणा किती, त्यात साहित्य, जेवण, राहणं धरलं आहे का, हे आधीच स्पष्ट विचारा, जमल्यास मेसेजवर लिहून घ्या. विचारायला संकोच वाटतो, मान्य. पण विधीच्या मध्यात अंगावर ओलं सोवळं असताना पैशाचं बोलणं त्याहून अवघड जातं. अनुभव आहे.

गावात शिरताना रस्त्यावर हात करून गाडी थांबवणारे, "पुढे गाडी सोडत नाहीत, इथेच लावा, पूजेचंही बघतो" म्हणणारे भेटतील. काच खाली न करता पुढे जा.

जेवायला काय मिळेल?

उपासाचं सगळीकडे: साबुदाणा वडा, खिचडी, भगर-आमटी. साधी थाळीही. मांसाहार देवळाच्या परिसरात शोधू नका. खरी चव गावाबाहेर आहे. अंजनेरी, पहिने, हर्षेवाडीकडे आधी सांगून ठेवलं तर घरगुती जेवण मिळतं. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाची आमटी आणि नवा भात. पावसाळ्यात नशीब असेल तर कर्टुल्याची नाहीतर फोडशीची भाजी. हा भात, नागली, वरई पिकवणारा पट्टा. देशावरच्या ज्वारीच्या भाकरीची अपेक्षा इथे ठेवू नका. परतीच्या रस्त्यावर भाजलेली कणसं आणि उकडलेल्या शेंगा.

मिसळ? ती नाशकात पोचल्यावर. त्यावर वेगळं लिहावं लागेल आणि भांडणं होतील.

राहायचं कुठे?

शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास स्वच्छ, शिस्तीचं आणि परवडणारं. गर्दीच्या दिवसांत जागा मिळणं कठीण. बाकी लॉज, धर्मशाळा, गुरुजींच्या घरच्या खोल्या भरपूर. एकदा फोटो बघून मी एका ठिकाणी आगाऊ पैसे भरले. फोटोत दिसणारी डोंगराची खिडकी होती, पण ती मालकाच्या खोलीची होती. तेव्हापासून आधी खोली बघतो, मग पैसे देतो. मधल्या वारी हे सहज जमतं.

माकडांचा त्रास होतो का?

होतो. प्लास्टिकची पिशवी दिसली की ती आपलीच आहे असं त्यांचं ठाम मत असतं. गंगाद्वाराच्या वाटेवर माझ्या भाच्याच्या हातून प्रसाद गेला, वर त्याच माकडाने बाटलीचं झाकण उघडून सरबत प्यायलं. खाऊ सॅकच्या आत, चष्मा दोरीला, आणि डोळ्याला डोळा भिडवू नका. खायला घालू नका. आज तुम्ही घातलं की उद्या ते दुसऱ्या कुणाच्या आजीच्या पिशवीला झोंबतं.

विकत काय घ्यावं?

पेढे. रुद्राक्षांच्या दुकानांत "एकमुखी, फक्त तुमच्यासाठी" ऐकू आलं की हसून पुढे जा. घरगुती तांदूळ किंवा नागली कुणाकडे मिळाली तर ती घ्या.

सिंहस्थात यावं का?

गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, सिंहस्थ कुंभमेळा भरतो. वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. मागचा २०१५ मध्ये झाला. यावेळचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला जाहीर झालं आहे. त्र्यंबकची मुख्य स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर २०२७ ला आहेत. ज्यांना आखाडे, साधू, मिरवणूक बघायची आहे त्यांनी जरूर यावं. तेव्हा गाडी गावापासून खूप लांब लावून चालायची तयारी ठेवा. ज्यांना डोंगर बघायचा आहे त्यांनी त्या तारखा टाळाव्यात. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले असू शकतात, तेव्हा त्र्यंबक रस्त्याला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त धरा.

दोन दिवस आहेत. एक बेत सांगून टाका.

मधल्या वारी या. पहिल्या दिवशी नाशकातून सकाळी सहाला निघून थेट अंजनेरी. उन्हाच्या आत वर जाऊन खाली, मग गावातली जुनी देवळं, तिथेच जेवण. दुपारी त्र्यंबकला खोली घेऊन चक्क झोपा. संध्याकाळी पाचला निवृत्तीनाथ, मग कुशावर्त. दर्शन रात्री आठच्या सुमाराला, तेव्हा रांग ओसरलेली असते. दुसऱ्या दिवशी अंधारातच उठून गंगाद्वार, पाय साथ देत असतील तर ब्रह्मगिरी. अकराच्या आत खाली. परतताना बेझ्याकडे वळून चक्रतीर्थावर अर्धा तास बसा, तिथे नदी मोकळी वाहताना दिसते. आणि नाशकात शिरल्यावर फोन करा. चहा आमच्याकडे.